फिस्कच्या १०१ कलाकृती: दानात आलेली चित्रं विकायचा कॉलेजला हक्क आहे का?

रंगपेटी
काल दुसऱ्या एका धाग्यावर हिशेबनीस यांनी लिहिलं: "कॉलेज शिकवण्यासाठी असतं, चित्रं राखण्यासाठी नाही. अडचण आली की खुशाल विकावीत. मेलेल्या माणसाच्या अटी जिवंतांच्या गळ्यात कशाला?" उदाहरण दिलं अमेरिकेतल्या नॅशव्हिलच्या फिस्क विद्यापीठाचं. ते वाचून रात्री झोप लागली नाही. तिथे उत्तर मावेना, म्हणून हा वेगळा धागा.

आधी ते दान काय होतं ते पाहा. छायाचित्रकार आणि गॅलरीवाले आल्फ्रेड स्टिग्लिट्झ १९४६ मध्ये गेले. त्यांच्या संग्रहाची वाटणी त्यांच्या पत्नीनं, चित्रकार जॉर्जिया ओकीफ यांनी केली. न्यूयॉर्कचं मेट्रोपॉलिटन, शिकागो, वॉशिंग्टन, फिलाडेल्फिया अशा बड्या ठिकाणी वाटे गेले, आणि १०१ कलाकृतींचा एक वाटा १९४९ मध्ये फिस्कला. सेझान, रेन्वार, पिकासो, हार्टली, डव्ह, मॅरिन, शिवाय स्वतः ओकीफ, अशांची चित्रं त्यात. फिस्क हे कृष्णवर्णीयांचं विद्यापीठ. अमेरिकेच्या दक्षिणेत तेव्हा शाळा वेगळ्या, बसमधल्या जागा वेगळ्या. अशा गावात काळ्या-गोऱ्यांनी एकाच खोलीत उभं राहून सेझान बघावा, हा त्या दानाचा अर्थ होता. कॉलेजच्या जुन्या व्यायामशाळेची गॅलरी झाली. मुख्य अट अशी की विकायचं नाही आणि संग्रह फोडायचा नाही. ती जाचक वाटत होती तर १९४९ मध्येच "नको" म्हणायचं होतं. घेताना हात जोडायचे आणि भाव वाढल्यावर अट जुनी झाली म्हणायचं, हे मला पटणं शक्य नाही.

हिशेबनीस
माझं अर्धंच वाक्य उचललंत. २००५ मध्ये फिस्कनं दोन चित्रं विकायची परवानगी मागितली ती हौसेनं नव्हे, तिजोरी रिकामी झाली होती म्हणून. पगार द्यायचे की चित्रांच्या खोलीचं तापमान राखायचं? हे कॉलेज ज्युबिली सिंगर्सनी उभं केलंय. १८७१ मध्ये विद्यार्थी गावोगाव गाणी म्हणत फिरले, त्या पैशातून ज्युबिली हॉल बांधला गेला. आज तीच संस्था बुडायला आली तरी भिंतीवरच्या चित्राला हात लावायचा नाही? उपाशी घरात चांदीचं ताट सोवळ्यात ठेवण्यातला हा प्रकार आहे.

आणि ओकीफच्या नावानं चाललेलं म्युझियम अटींचा कैवार घेऊन कोर्टात गेलं ना? त्याच म्युझियमनं पुढे तडजोडीत त्यातलं एक चित्र स्वतःच विकत घ्यायची तयारी दाखवली. मग तत्त्व कुठे गेलं?

मु.पो. नॅशव्हिल
मी इथेच राहते, म्हणून लिहिते. भांडण ज्या चित्रावरून पेटलं ते ओकीफचं 'रेडिएटर बिल्डिंग', १९२७ चं. जवळून बघा. रात्रीचा काळा मनोरा, खिडक्यांचे पांढरे चौकोन, उजवीकडे वाफेचा लोट. डावीकडे लाल दिव्यांची पाटी आणि तिच्यावर नवऱ्याचं नाव. ते चित्र त्याच्याच संग्रहातून सुटं काढून विकायचं म्हणजे काय होतं, हे समोर उभं राहिल्याशिवाय कळत नाही.

शेवटी २०१२ मध्ये काय झालं तेही सांगा ना कोणीतरी. वॉलमार्ट घराण्यातल्या अ‍ॅलिस वॉल्टन यांच्या क्रिस्टल ब्रिजेस म्युझियमनं ३ कोटी डॉलर देऊन अर्धा हिस्सा घेतला. आता संग्रह दोन वर्षं इथे, दोन वर्षं त्यांच्याकडे आर्कान्सामध्ये. संग्रह फुटला नाही, कॉलेजही जगलं. पण इथल्या ज्या पोरीची चार वर्षं कॉलेजात जातात, तिच्या वाट्याला त्यातली दोनच येतात. मला ते बोचतं.

हिशेबनीस
बोचू दे, ताई. चित्रं आहेत, कॉलेज आहे, पोरगीही शिकते आहे. कोर्टानंही हेच पाहिलं की अट शब्दशः पाळणं जमत नसेल तर देणाऱ्याच्या हेतूच्या जवळपास राहा.

जुना वाडा
अमेरिकेचं राहू द्या, आपल्याकडचं ऐका. माझे आजोबा ड्रॉइंग मास्तर. पगारातून पैसे बाजूला काढून त्यांनी जलरंगातली निसर्गचित्रं, जुने लिथोग्राफ, मित्रांनी केलेली व्यक्तिचित्रं जमवली. म्हातारपणी सगळं तालुक्याच्या कॉलेजला दिलं. मोठा समारंभ, शाल-श्रीफळ, "आजोबांच्या नावाचं दालन" अशी घोषणा. ते गेल्यावर मी बघायला गेलो. दालनात परीक्षा विभाग. उत्तरपत्रिकांच्या गठ्ठ्यांमागे फ्रेमा भिंतीला टेकवलेल्या, काचेच्या आतून बुरशी, मागच्या पुठ्ठ्याला वाळवी. एका चित्रातलं आकाश पार गेलेलं. किल्ली शिपायाकडे आणि शिपाई रजेवर, म्हणून पहिल्या खेपेला तर दारावरूनच परतलो होतो. त्यापेक्षा विकली असती तर कोणाच्या तरी दिवाणखान्यात नीट राहिली असती. कॉलेजवाल्यांना लाज नाही!

कोरा कागद
जुना वाडा, दुःख समजतं, पण "लाज नाही" मागे घ्या. मी अनुदानित कॉलेजात ग्रंथपाल होते. क्युरेटर, म्हणजे संग्रह सांभाळणारा, असं मंजूर पद नसतं. चित्र आलं की डेडस्टॉक रजिस्टरला, म्हणजे टिकाऊ सामानाच्या नोंदवहीत, नोंद होते: "फ्रेम, काचेसह, नग अमुक". चित्रकाराचं नाव लिहायला रकाना नाही. पावसाळ्यात भिंतीला ओल येते, आणि दुरुस्तीचं पत्र वर्षभर फिरतं. दान देणारे फोटो काढून जातात. चित्रांबरोबर त्यांच्या देखभालीसाठी एखादी ठेव ठेवलेली मी तरी कधी पाहिली नाही. आणि मग नातवंडं येऊन आमची लाज काढतात.

जुना वाडा
ड्रॉइंग मास्तरानं ठेव कुठून आणायची? जे होतं ते दिलं. सांभाळता येत नव्हतं तर समारंभ कशाला केलात?

कोरा कागद
समारंभ मी केला नव्हता. खोलीची झाडलोट मात्र मीच करत होते.

रंगपेटी
थांबा, दोघांचंही एकाच जागी येतंय. आपल्याकडे संग्रह टिकले ते कुठे? जमशेटजींची मुलं सर रतन आणि सर दोराबजी टाटा यांचे संग्रह मुंबईच्या तेव्हाच्या प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियममध्ये गेले, दिनकर केळकरांचा राज्य सरकारकडे. तिथे वस्तू सांभाळणं हेच मुख्य काम. कॉलेजात ते कोणाचंच काम नसतं.

हिशेबनीस
मग मी काय म्हणत होतो? कॉलेजनं हे ओझं घेऊच नये! हार्वर्डची गोष्ट वेगळी. १९४३ मध्ये ग्रेनव्हिल विन्थ्रॉपनं तिथल्या फॉग म्युझियमला ४ हजारांवर वस्तू दिल्या, बाहेर उसन्या पाठवायच्या नाहीत या अटीवर. हार्वर्डनं साठेक वर्षं ती पाळली, कारण परवडत होतं. अटी पाळणं हा श्रीमंतांचा मामला आहे.

रंगपेटी
साफ चूक. अमेरिकेतलंच ब्रँडाइस विद्यापीठ काही भिकेला लागलं नव्हतं. तरी २००९ च्या मंदीत तिथल्या विश्वस्तांनी रोझ म्युझियम बंद करून चित्रं विकायचा ठराव केला. आरडाओरडा झाला, कोर्टकचेरी झाली, म्हणून ती वाचली. चित्रं ही तिजोरी आहे असं एकदा ठरलं की दर अडचणीला हात तिकडेच जातो. व्हॅल्परायझो विद्यापीठानं २०२३ मध्ये वसतिगृहाच्या दुरुस्तीसाठी तीन चित्रं विकायचं जाहीर केलं, त्यात पुन्हा ओकीफचंच एक. वसतिगृह! तिकडच्या म्युझियमवाल्यांचा नियमच आहे की संग्रहातलं विकलं तर पैसा संग्रहावरच खर्चायचा. तो उगाच नाही केला. पण फिस्कसाठी एवढं कबूल करतो की तिथे खरोखर पर्याय उरला नव्हता, आणि अर्धा हिस्सा देणं हे लिलावापेक्षा बरं. यापुढे एक पाऊलही सरकणार नाही.

हिशेबनीस
एवढं तरी सरकलात. वसतिगृहासाठी मीही विकलं नसतं, हे लिहून ठेवा.

मु.पो. नॅशव्हिल
जुना वाडा, तुमच्या आजोबांच्या चित्रांचं पुढे काय झालं? दानपत्र केलं होतं का?

जुना वाडा
दानपत्र नाही. प्राचार्यांचं आभाराचं पत्र आहे. चित्रं अजून तिथेच असावीत. परत मागितली तर "आता ती संस्थेची मालमत्ता" म्हणतात, आणि लावा म्हटलं तर जागा नाही म्हणतात.

कोरा कागद
कॉलेज अनुदानित असेल तर माहिती अधिकारात अर्ज करा. ज्या वर्षी दिली त्या वर्षीच्या डेडस्टॉक रजिस्टरची प्रत मागा, आणि त्यानंतर झालेल्या निर्लेखनाच्या, म्हणजे वस्तू नोंदीतून काढून टाकण्याच्या, ठरावांचीही. नोंद सापडली तर नग मोजून दाखवावे लागतील. नसेल तर संस्थेची मालमत्ता कशाच्या आधारावर म्हणता, हे विचारता येईल. आभाराचं पत्र सोबत जोडा. आणि यादी करा, आठवेल तशी. चित्राचा विषय, अंदाजे माप, सहीचा कोपरा. रजिस्टरमध्ये फक्त "फ्रेम" असणार, ओळख तुम्हालाच पटवावी लागेल.

जुना वाडा
सोमवारी अर्ज टाकतो. यादी आई सांगेल, तिला सगळी पाठ आहेत. कॉलेजांबद्दलचं मत मात्र बदललेलं नाही.

कोरा कागद
बदलू नका. अर्जात जावक क्रमांक आणि तारीख टाकायला विसरू नका, आभारपत्रावर असतो वरच्या डाव्या कोपऱ्यात.