मदत हवी आहे: परकी भाषा शिकताना शब्द लक्षात राहत नाहीत, हे आनुवंशिक असतं का?

नमस्कार. मी आणि माझी धाकटी बहीण एकाच वर्गात जर्मन शिकतोय. पुस्तकं तीच, शिक्षिका त्याच, आणि घरी अभ्यासाला मीच जास्त वेळ बसते. तरी ती माझ्या बरीच पुढे गेली आहे.

नक्की कुठे अडतं ते सांगते. व्याकरण मला जड जात नाही. विभक्ती, गौण वाक्यात क्रियापद शेवटी जाणं, हे तिच्याआधी मला समजलं. अडतं ते शब्दांपाशी, त्यातही लांब शब्दांपाशी. 'गेश्विंडिगकाइट' म्हणजे वेग. पानावर तो डावीकडे कुठे आहे, त्याखाली मी पेन्सिलीने मारलेली रेघ, सगळं डोळ्यांपुढे येतं. पण बोलायला गेलं की 'गेश्...'च्या पुढे काही सुचत नाही. बाईंनी पुन्हा म्हणून दाखवला तरी शेवट ऐकेपर्यंत सुरुवात निसटलेली असते. बहीण मात्र अर्थ माहीत नसला तरी एकदा ऐकून जसाच्या तसा म्हणते.

वडिलांचंही माझ्यासारखंच आहे, नवं आडनाव दोन-तीनदा विचारल्याशिवाय त्यांना म्हणता येत नाही. त्यामुळे घरातले म्हणतात, 'तू बाबांवर गेलीस.' त्यातच जुळ्या मुलांवरच्या एका अभ्यासाबद्दल वाचलं. इंग्लंड-वेल्समधल्या १४ वर्षांच्या जुळ्यांमध्ये परकी भाषा येण्यातल्या फरकाचा सुमारे दोन-तृतीयांश भाग आनुवंशिक निघाला म्हणे. तेव्हापासून मन खट्टू झालंय. मला ही भाषा परीक्षेपुरती नकोय, तिच्यात वाचायचंय, बोलायचंय. मग माझ्या हातात फक्त एक-तृतीयांशच उरलं का? आणि ही स्मरणशक्ती सरावाने सुधारते का? जाणकारांनी कृपया सांगावं.

प्रतिसाद १

आधी त्या आकड्याचं बघू, कारण तो तुम्हाला उगाच छळतोय. तो अभ्यास २०१० चा आहे आणि आकडा बरोबर आहे. पण आनुवंशिकतेचा असा आकडा एका गटातल्या माणसा-माणसांमधल्या फरकाबद्दल बोलतो, एकट्या माणसाबद्दल नाही. तुमच्या जर्मनचे दोन भाग जनुकांचे आणि एक भाग मेहनतीचा, असा त्याचा अर्थ होत नाही. शिवाय सगळ्यांना साधारण सारखंच शिक्षण मिळत असेल, तर परिस्थितीमुळे पडणारा फरक कमी होतो आणि जनुकांचा वाटा आपोआप मोठा दिसतो. शिकवण्याची पद्धत बदलली तर काय होईल, हे त्या आकड्यातून कळतच नाही. आणि सख्ख्या बहिणींची जनुकं सरासरी निम्मीच जुळतात, तेव्हा तुमच्या दोघींत फरक असणं साहजिक आहे.

'भाषेचं जनुक' म्हणून २००१ पासून फॉक्सपी२ चं नाव घेतलं जातं. एका ब्रिटिश कुटुंबात त्यातल्या दुर्मीळ बिघाडामुळे पिढ्यान् पिढ्या बोलण्यात गंभीर अडचण होती, त्यावरून ते सापडलं. तुमच्या अडचणीशी त्याची सांगड घालू नका. परकी भाषा येणं न येणं एका जनुकावर ठरत नाही.

मला तुमचं 'शेवट ऐकेपर्यंत सुरुवात निसटते' हे वाक्य जास्त महत्त्वाचं वाटतं. ॲलन बॅडली आणि ग्रॅहम हिच या मानसशास्त्रज्ञांनी १९७४ मध्ये कार्यकारी स्मृतीची, म्हणजे हातातल्या कामापुरती माहिती क्षणभर धरून ठेवणाऱ्या स्मृतीची, जी मांडणी केली, तिच्यात आवाज काही क्षण धरून ठेवणारा एक वेगळा कप्पा आहे. १९८८ मध्ये एका इटालियन रुग्ण स्त्रीवर अभ्यास झाला. मेंदूच्या इजेमुळे तिचा नेमका हा कप्पा अधू झाला होता. इटालियन शब्दांच्या जोड्या ती इतरांसारख्याच शिकली, पण रशियन शब्द ऐकून शिकायची वेळ आली तेव्हा तिला जमेना. म्हणजे ओळखीचे शब्द अर्थाच्या आधाराने लक्षात राहतात, अनोळखी आवाजाला मात्र त्या कप्प्याचाच आधार लागतो. तुमचं व्याकरण चांगलं आणि शब्द कच्चे, हे त्यामुळे अजिबात विचित्र नाही.

त्या कप्प्याचा आकार वाढवायच्या मागे लागू नका. स्मरणशक्तीच्या खेळांनी त्या खेळातच हात बसतो. त्याऐवजी त्याच्यावरचा भार कमी करा. लांब शब्द शेवटाकडून बांधत या: काइट, डिगकाइट, विंडिगकाइट, गेश्विंडिगकाइट. प्रत्येक पायरी मोठ्याने, पुस्तक मिटून. '-काइट', '-हाइट', '-उंग' हे शेवट शेकडो शब्दांत येतात. ते एकदा तोंडात बसले की पुढच्या शब्दात तेवढा भाग नवा राहत नाही, आणि '-काइट'ने संपणारं नाम स्त्रीलिंगी असतं हेही सोबत कळतं. जसजशी जर्मन तुमच्यात मुरेल तसतसे नवे शब्द धरणं सोपं होत जाईल, कारण त्यांचे तुकडे ओळखीचे असतील. उजळणी नुसती वाचून नको, आठवून करा आणि मध्ये दिवस जाऊ द्या. नव्या गोष्टी सुरुवातीला किती झपाट्याने विसरतात, हे एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने १८८५ मध्येच दाखवलं होतं.

मोठेपणी मेंदू बदलत नाही असंही नाही. स्वीडनच्या लष्करी दुभाषा अकादमीतल्या तरुणांनी तीन महिने कसून भाषा शिकल्यावर त्यांच्या मेंदूतला स्मृतीशी निगडित हिप्पोकॅम्पस वाढलेला दिसला.

प्रतिसाद २

मी भाषा शिकवते. वरच्या उत्तराशी सहमत, फक्त एक विचारते. लहानपणी मराठी वाचायला शिकताना अक्षरं जुळवायला त्रास व्हायचा का? घरात आणखी कुणाला? तसं असेल तर तज्ज्ञांकडून वाचनाची तपासणी करून घ्या. एकदा कानही तपासून घ्या. शब्दाचा शेवट नीट ऐकूच येत नसेल तर कितीही घोकून तो लक्षात राहायचा नाही.

धागाकर्ती

दोघांचेही मनापासून आभार. मराठी वाचायला मला कधीच अडचण आली नाही. कानांची तपासणी करून घेते. शेवटाकडून बांधायची पद्धत आज करून पाहिली, शब्द तोंडातून पूर्ण बाहेर पडला! आता एकच शंका: कुणी फोन नंबर सांगितला तर मराठीतही माझे मधले आकडे गळतात. हा त्याच कप्प्याचा प्रश्न समजायचा का? आणि तसं असेल तर ऐकण्याच्या परीक्षेत संख्या टिपून घेण्यासाठी काय करू?