२१४७४८३६४७ मूळ संख्या आहे हे हाताने कसं तपासलं असेल?

पर्वतीचा_मामा
बहिणीचा मुलगा नववीत आहे, कोडिंग शिकतोय, परवा म्हणाला मामा मोजणी २१४७४८३६४७ पर्यंत नीट गेली आणि पुढे १ मिळवला तर एकदम वजा आकडा आला. मग त्याला कळलं की ही मूळ संख्या आहे आणि गणितज्ञ ऑयलरने १७७२ मध्ये ते सिद्ध केलं होतं. झालं, अप्पा बळवंत चौकातून दोनशे पानी वही आणली आणि आम्ही दोघं ३, ७, ११, १३ असं भागत सुटलोय, दोन रात्रींत १७३ पर्यंत पोचलो. पण वर्गमूळ ४६३४० च्या पुढे येतं, म्हणजे साडेचार हजारांवर भागाकार! खरंच एवढे केले त्याने? आणि कॉम्प्युटरवाल्यांनी मुद्दाम मूळ संख्या निवडली का?

चाळणी
नाही हो मामा, एवढे लागतच नाहीत. आधी २ चा ११ वा घात वजा १ घ्या, २०४७. त्याचे भाजक २३ आणि ८९. दोन्हीतून १ काढा, २२ आणि ८८, दोन्हींना ११ च्या दुपटीने भाग जातो. घातांक विषम मूळ संख्या असला की प्रत्येक मूळ भाजक असाच निघतो, फर्माच्या प्रमेयातूनच येतं ते. तुमची संख्या म्हणजे २ चा ३१ वा घात वजा १, घातांक ३१, म्हणजे भाजक असलाच तर ६२ च्या पटीत १ मिळवलेला. शिवाय त्याला ८ ने भागल्यावर बाकी १ किंवा ७ च हवी. दोन्ही अटी लावल्या की २४८ ने भागून १ किंवा ६३ बाकी देणाऱ्या संख्याच राहतात, ४६३४० पर्यंत पावणेचारशेसुद्धा नाहीत, आणि त्यातल्याही ३, ५, ७ च्या पटीतल्या सोडून द्यायच्या. तेव्हा ऑयलरची दृष्टी जवळजवळ गेली होती, मला तर हे आठवलं की भरून येतं. पुढे पाऊणशे वर्षांहून जास्त काळ याच्यापेक्षा मोठी मूळ संख्या कोणाला माहीत नव्हती!

बावधन_कोडर
मुद्दाम नाही निवडली. कॉम्प्युटर असा आकडा ३२ बिटांत, म्हणजे ० किंवा १ च्या ३२ घरांत ठेवतो. त्यातला एक बिट अधिक-वजा चिन्हाला जातो, उरले ३१, आणि नेमकी तिथे मूळ संख्या आली. १६ बिटांची मर्यादा ३२७६७, ती ७ × ३१ × १५१ आहे. भाच्याला अजून एक सांगा, जुन्या सिस्टिम १ जानेवारी १९७० पासूनचे सेकंद याच ३२ बिटांत मोजतात, ते १९ जानेवारी २०३८ ला आपल्याकडे सकाळी ८:४४:०७ ला या आकड्यावर पोचतील, पुढच्या सेकंदाला वजा.

पर्वतीचा_मामा
चाळणी, मनापासून आभार. म्हणजे आमच्या दोन रात्रींतला एकही भागाकार लागत नव्हता, पण भाच्याला त्याचं काही वाटलं नाही, लगेच नवीन पान काढलं. २४९ ला ३ ने भाग जातो म्हणून सोडली, पहिली खरी ३११ आली, बाकी ३५. त्यानंतर सगळ्या गळत गळत थेट १३०३! बाकी २२६, मी दोनदा पडताळली. आता १४८९ घेऊन बसलाय, जेवायला बोलावलं तरी उठत नाहीये.