मसाल्याच्या लेबलला टाइपरायटरसारखा, गोल कोपऱ्यांचा फाँट सुचवा

मेतकूटवाली:
नमस्कार मंडळी, घरगुती मेतकूट आणि मिरची मसाल्याची लेबलं करतेय, खाकी क्राफ्ट पेपरचे स्टिकर आहेत. वर इंग्रजी नाव जुन्या टाइपरायटरवर बडवल्यासारखं हवंय, म्हणजे अक्षरांच्या टोकांना जाड पट्ट्या पण कोपरे गोल. प्रेसवाल्याने कुरिअर न्यू लावला तर अगदीच मरतुकडं दिसतंय, त्यात मिरचीतले दोन्ही 'आय' हातपाय पसरून बसलेत आणि मेतकूटचा 'एम' बिचारा अंग चोरून उभा. काय लावू? आणि खालच्या मराठी नावाला काय शोभेल?

गॅलीप्रूफ:
ताई, टाइपरायटरचा गाडा प्रत्येक अक्षराला सारखाच सरकतो ना, म्हणून बारक्या 'आय'ला लांब पट्ट्या लावून जागा भरायची आणि 'एम'ला चेपायचं. कुरिअर हा हॉवर्ड केटलरने 1950च्या दशकात आयबीएमच्या मशीनसाठीच केलेला, त्यामुळे तो असाच वागणार. मशीनवर रिबनची शाई पसरून अक्षर भरायचं, कुरिअर न्यूमध्ये तो जाडपणा धरलेलाच नाही.
तुम्हाला हवाय तो अमेरिकन टाइपरायटर. जोएल केडन आणि टोनी स्टॅननी 1974 साली आयटीसी या अमेरिकन फाँट कंपनीसाठी केला. तोंडवळा टाइपरायटरचा, पण जागा ज्याच्या त्याच्या अंगाप्रमाणे. मिल्टन ग्लेसरचा न्यूयॉर्कचा लाल बदामवाला लोगो आठवा, तीच अक्षरं.

अर्धा_पॉइंट:
मॅकवर तो आधीपासून असतो, विंडोज असेल तर लायसन्स घ्यावं लागेल. फुकटात कुरिअर प्राइम आहे, कुरिअर न्यूपेक्षा भरीव, पण 'आय' तिथेही पसरणारच.
एक अनुभव सांगते. खाकी कागद शाई पितो. मोठ्या अक्षरात चालून जातं, कोपरे मुळातच गोल असल्यामुळे शाई पसरलेली कळत नाही. पण मी लाडवाच्या डब्यावर घटकपदार्थांची यादीही त्याच बोल्डमध्ये सहा पॉइंटला टाकली आणि 'ए' न् 'ई'ची पोटं बुजून नुसते काळे ठिपके उरले. दोनशे स्टिकर वाया. यादीला साधा फाँट घ्या. मराठीला बालू बघा, 'एक टाइप' नावाच्या फाँट बनवणाऱ्या गटाचा आहे, गोल टोकं, फुकट.

गॅलीप्रूफ:
बालू फार गुबगुबीत हो, मेतकूट आहे का चॉकलेटच्या गोळ्या? त्यापेक्षा मुक्ता सेमीबोल्ड. मराठी टाइपरायटरची मजा वेगळीच होती, अर्धं अक्षर मारून पुढे काना जोडायचा आणि शिरोरेघेत तो सांधा दिसायचा. ते फाँटमध्ये कुठून आणणार.

मेतकूटवाली:
नवऱ्याच्या मॅकवर सापडला! बोल्ड लावून खऱ्या स्टिकरवरच प्रिंट काढली, 'आय' आता शहाण्यासारखे उभे आहेत. यादी मुक्तामध्ये टाकली. मराठी नावाचं मात्र अडलंय, सासूबाई म्हणतात आधी ते इंग्रजीपेक्षा मोठं कर, फाँटचं मग बघू.