घाटात एसी लावला की काटा वर चढतो, काय बघावं?

बीडकर:
पेट्रोल गाडी, 2016 ची. दुपारी बीडहून लातूरकडे निघालं की मांजरसुंब्याच्या घाटात टेंपरेचरचा काटा अर्ध्याच्या वर जातो. एसी बंद केला की उतरतो. सपाटीला त्रास नाही. कूलंटची बाटली आठ-दहा दिवसांत बोटभर कमी होते, तेवढं बोअरचं पाणी टाकतो. पुढच्या आठवड्यात लेकरांना घेऊन निघायचंय.

जालना_गॅरेज:
दादा, बोअरचं पाणी आधी बंद करा. आपल्याकडचं पाणी जड. पाणी तापवायच्या पातेल्याला आतून जो पांढरा थर धरतो, तोच रेडिएटरच्या बारीक नळ्यांत धरतो. मग कूलंट फिरूनही थंड होत नाही. सगळं काढून, फ्लश करून, मॅन्युअलमध्ये सांगितलेलं कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मं-निम्मं भरा. बाटलीवर 'रेडी टू यूज' असेल तर त्यात पाणी घालायचं नाही.

खरी काळजी बाटली कमी होण्याची आहे. गाडी थंड असताना सकाळी कूलंटच्या झाकणाचं रबर बघा. झाकण दाब धरतं म्हणून कूलंट लवकर उकळत नाही. रबर कडक झालं की दाब सुटतो आणि कूलंट हळूहळू उडून जातं. वॉटर पंप आणि पाइपांच्या क्लिपांजवळ वाळलेला हिरवा किंवा गुलाबी डाग शोधा. बाहेर काहीच सापडलं नाही आणि ऑइलच्या झाकणाखाली दुधाळ चिकटा दिसला, तर हेड गॅस्केटची, म्हणजे इंजिनच्या वरच्या भागाखालच्या (हेडखालच्या) सीलची, शंका धरा. तपासल्याशिवाय निघू नका.

परभणी_वाहनवाला:
एसी लावला की काटा चढतो, म्हणजे हवा कमी पडतेय. एसीची जाळी रेडिएटरच्या पुढेच असते, तिच्यात धूळ, किडे, कापसाचे तंतू अडकतात. साध्या नळीनं, इंजिनच्या बाजूनं बाहेर असं धुवा. प्रेशर वॉशरनं पात्या वाकतात. नंतर उभ्या गाडीत एसी लावून फॅन जोरात फिरतो का ते बघा. घाटात चौथ्या गियरवर रेटू नका. तिसरा-दुसरा घ्या, वॉटर पंप जोरात फिरतो.

बीडकर:
काटा लाल पट्टीला गेलाच तर इंजिन लगेच बंद करू का?

जालना_गॅरेज:
वाफ निघत असेल किंवा कूलंट सांडलेलं दिसलं तर लगेच बंद. नुसताच काटा चढत असेल तर एसी बंद, हीटर फुल, काचा खाली; गाडी कडेला घेऊन दोन मिनिटं आयडलवर (रेस न देता इंजिन चालू) ठेवा, आतली उष्णता हीटरमधून निघते. तरी उतरला नाही तर बंद. त्यानंतर निदान पाऊण तास झाकणाला हात लावू नका, दाबातलं उकळतं कूलंट तोंडावर उडतं. तापलेल्या इंजिनवर गार पाणीही ओतू नका, हेडला तडा जातो.

लातूर_चालक:
टायरची हवा सकाळी, टायर थंड असतानाच, दाराच्या चौकटीवरच्या आकड्याप्रमाणे भरा. दुपारी वाढलेली दिसली म्हणून काढू नका. टायर फुटतो तो बहुतेक वेळा कमी हवेनं, कडा वाकून-वाकून तापतात म्हणून. गाडी कडेला थांबवली तर लेकरांना आत बसवून ठेवू नका, काच थोडी उघडी असली तरी. गाडीसाठी पाण्याचा कॅन वेगळा घ्या, प्यायचा वेगळा.