सोनचाफा आणि मॅग्नोलिया चंपका हे एकच झाड आहे का?

प्रश्न (परसबाग):
नमस्कार. अंगणात लावण्यासाठी सोनचाफा मागितला असता रोपवाटिकेतून मिळालेल्या रोपावर ‘मॅग्नोलिया चंपका’ अशी चिठ्ठी आहे. माझ्याकडील जुन्या पुस्तकात मात्र सोनचाफ्याचे शास्त्रीय नाव ‘मिशेलिया चंपका’ असे छापले आहे. देवळापुढच्या पांढऱ्या फुलांच्या झाडालाही आपण चाफाच म्हणतो. ही झाडे एकाच कुळातली आहेत का, आणि फुले येण्याआधी रोप ओळखता येईल का?

उत्तर (वनस्पती अभ्यासक):
दोन्ही शास्त्रीय नावे सोनचाफ्याचीच आहेत. स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियसने १७५३ मध्ये त्याला मिशेलिया चंपका म्हटले. फुले फांदीच्या टोकाला न येता पानांच्या बेचक्यात येतात, म्हणून मिशेलिया ही प्रजाती बराच काळ वेगळी मानली गेली. आता बहुतेक अभ्यासक तिचा समावेश मॅग्नोलियातच करतात. ‘चंपका’ मात्र संस्कृत चंपकावरूनच आलेले आहे. हिंदीत चंपा, कन्नडात संपिगे आणि इंडोनेशियात चंपाका म्हणतात ते हेच सदाहरित झाड.

उत्तर (डोंगरवाट):
देवळापुढचा तो देवचाफा. त्याचे कूळ निराळे, ते कण्हेरीचे. त्याचे पान खुडले की पांढरा चीक येतो, आणि कोरड्या दिवसांत त्याची पाने गळून जाड, बोथट फांद्या उघड्या पडतात. सोनचाफ्याला चीक नसतो. त्याच्या कोवळ्या फांदीवर प्रत्येक पानाच्या देठापाशी फांदीला वेढणारी बारीक कड दिसते. शेंड्याची कळी झाकणारे आवरण गळून पडल्याची ती खूण असते आणि रोप लहान असतानाही ती नीट पाहता येते. हिरवा चाफा तर सीताफळाच्या कुळातला आहे. नावातल्या ‘चाफा’वरून नाते जोडू नये, आपल्याकडे सुवासिक फुलांना हे नाव फार मोकळेपणाने दिले गेले आहे.

उत्तर (कलमबाग):
रोप कलमी आहे की बियांचे, हे जरूर विचारून घ्यावे. कलमाला लवकर फुले येतात, बियांपासून वाढवलेल्या झाडासाठी मात्र कित्येक वर्षे थांबावे लागते. तरीही जागा मोठी असेल तर मी बियांचेच झाड लावा असे सांगेन, कारण ते उंच वाढते आणि त्याच्या फळांचे घोस उकलल्यावर लाल गराच्या बिया खायला पक्षी येतात. अशा बिया पेरायच्या असल्यास गर धुऊन त्या ताज्याच पेराव्यात. वाळवून ठेवलेल्या बिया सहसा रुजत नाहीत. पांढरा सोनचाफा हा मॅग्नोलियाच असला तरी संकरित आहे आणि त्याला बी क्वचितच धरते, त्यामुळे तो हवा असल्यास कलम किंवा गुटीचे (झाडावरच फांदीला मुळे फुटवून केलेले) रोपच घ्यावे.