सरकत्या खिडकीला एक सेन्सर पुरत नाही

एकाने विचारलंय की स्लायडिंग खिडकीला चोरीच्या अलार्मचा एक सेन्सर (खिडकी उघडली की अलार्म वाजवणारा, सोबत एक चुंबक असलेला) पुरेल का, आणि रात्री उगाच अलार्म का वाजतो. आधी पहिलं, कारण तिथेच माणूस फसतो. आपल्याकडच्या ॲल्युमिनियमच्या खिडकीत सहसा दोन्ही काचा सरकतात. उजवीला सेन्सर लावला आणि कुणी डावी उघडली, तर त्याला पत्ताही लागत नाही. दोन्हींना वेगवेगळा लावा. सेन्सर चौकटीवर, चुंबक सरकत्या काचेच्या पट्टीवर.

उगाच वाजण्याचं कारण बहुधा सेन्सर आणि चुंबकातलं अंतर. सेन्सरच्या आत रीड स्विच असतो, म्हणजे काचेच्या बारीक नळीत दोन पात्या. चुंबक जवळ असला की त्या चिकटतात, लांब गेला की सुटतात आणि अलार्म वाजतो. आमच्याकडे वाऱ्याने काच थरथरली तरी सुटायच्या. अंतर ५ मिलिमीटरवर आणलं, तेव्हा थांबलं. अगदी लागून लोखंडी ग्रिल असेल तर चुंबकाचा जोर आणखी कमी पडतो, तेही बघा.

आणि सेन्सर-चुंबक चिकटवायची टेप लावण्याआधी जागा स्पिरिटने पुसून पूर्ण वाळू द्या, हे कृपया टाळू नका. मागच्या पावसाळ्यात आमचा एक चुंबक पहाटे ३ वाजता गळून पडला. आई दचकून उठली, सकाळपर्यंत तिला झोप नव्हती.