जिभेवर राहून गेलेली वाइन : आपापले अनुभव लिहा

बूचवाली : काल कपाट आवरताना एका डब्यात बाटलीचे जुने बूच सापडले. एक टोक जांभळे झालेले, दुसऱ्या टोकावर बॉलपेनने घातलेली तारीख पुसट झालेली. आम्ही दोघांनी मिळून उघडलेली ती पहिली बाटली कॅबर्ने सोव्हिन्याँची होती. रेड वाइन थंड करायची नसते एवढेच ऐकीव ज्ञान गाठीशी असल्यामुळे ती भर उन्हाळ्यात दिवसभर फळीवर ठेवली, आणि पहिल्याच घोटाला नाकात नुसती दारूची वाफ शिरली; फळाचा म्हणून जो काही वास असेल तो शिजवून आळल्यासारखा लागला. ‘हिलाच का एवढे नावाजतात?’ असे म्हणत उरलेली बाटली फ्रिजमध्ये ढकलली. दुसऱ्या दिवशी ती बाहेर काढून ठेवल्याचे विसरले आणि अर्ध्या तासाने घोट घेतला, तर तीच वाइन पिकलेल्या तुतीसारखी लागली. रेड वाइन ‘खोलीच्या तापमानाला’ प्यावी म्हणतात ते म्हणजे 16 ते 18 अंश, हे पुष्कळ उशिरा कळले. तुमच्याही अशा आठवणी असतील, त्या लिहा.

तळातला गाळ : माझी फजिती शब्दाने केली. मला गोड वाइन सोसत नाही, म्हणून प्रोसेक्को या इटलीच्या फसफसणाऱ्या वाइनच्या बाटल्यांमधून ‘एक्स्ट्रा ड्राय’ लिहिलेली हौसेने निवडली, आणि ती जिभेच्या शेंड्यावर स्पष्ट गोड लागली. बाटली बदलली असावी अशी माझी खात्रीच झाली होती. नंतर समजले की ‘ब्रूट’ लिहिलेल्या बाटलीत लिटरमागे 12 ग्रॅमपर्यंत साखर चालते, तर ‘एक्स्ट्रा ड्राय’मध्ये 12 ते 17 ग्रॅम. म्हणजे जास्त कोरडी म्हणवणारीच जास्त गोड! हे नामकरण ज्याने केले त्याला एकदा भेटायचे आहे.

अर्धा पेला : बूचवालीताई, फ्रिजमधून काढून लगेच प्यायला असतात तर तिसराच अनुभव आला असता. फार थंड रेड वाइनचा तुरटपणा हिरड्यांना कोऱ्या चहासारखा आवळून धरतो. अर्धा तास विसरलात, तेच बरे झाले. (फोनवर लिहितो आहे, चूकभूल द्यावी घ्यावी.)

नाकाने पिणारी : कोणी जुनी रीस्लिंग ही व्हाइट वाइन प्यायले आहे का? एका मैत्रिणीने मोठ्या प्रेमाने जपून ठेवलेली बाटली उघडली, आणि पेला नाकाजवळ नेताच मला घासलेटचा वास आला. तिने पेले पुसायला कसले फडके वापरले असावे, असा विचार करत मी गप्प राहिले. शेवटी न राहवून विचारले, तर ती आनंदाने टाळी वाजवून म्हणाली, ‘आला ना?’ रीस्लिंग बाटलीत मुरत जाते तसे तिच्यात टीडीएन नावाचे संयुग वाढते आणि त्याचाच तो वास असतो. दुसऱ्या पेल्यात घासलेटच्या मागून लिंबाची साल आणि मध जाणवू लागले. आता तरुण रीस्लिंग प्यायले की काहीतरी राहिल्यासारखे वाटते.

ओला पुठ्ठा : घासलेट परवडले. मी भिजलेल्या पुठ्ठ्याच्या वासाची आख्खी बाटली, आपल्यालाच चव कळत नाही असे समजून, निमूटपणे संपवली आहे. तो दोष बुचातून येणाऱ्या टीसीए नावाच्या संयुगाचा होता, आणि कितीही वेळ उघडी ठेवली तरी ती वाइन सुधारली नसती.

नाकाने पिणारी : अरेरे! निदान पाहुण्यांना तरी पाजली नाहीत ना?

ओला पुठ्ठा : पाजली. तेही निमूटपणेच प्यायले.

डोळे मिटून : आमच्याकडे सासरेबुवांच्या डोळ्यांवर रुमाल बांधून त्यांना हलकी, चांगली गार केलेली रेड वाइन दिली होती. त्यांनी ती ठामपणे व्हाइट ठरवली आणि रुमाल सोडल्यावर पेला बदलल्याचा आरोप आमच्यावर केला. त्यांनी वाईट वाटून घेऊ नये. 2001 साली प्रसिद्ध झालेल्या फ्रान्समधील बोर्दो येथील प्रयोगात व्हाइट वाइनलाच वास नसलेला लाल रंग घालून ती वाइनशास्त्राच्या 54 विद्यार्थ्यांना दिली होती, तेव्हा त्यांनीही तिचे वर्णन रेड वाइनला साजणाऱ्या शब्दांत केले. नाकाच्या आधी डोळेच पितात.

तळातला गाळ : सासरेबुवांना हे दाखवलेत का?

डोळे मिटून : दाखवले. आता ते स्वतःला पंचावन्नावे विद्यार्थी म्हणवतात.

हिरवी मिरची : ‘मला मर्लो ही रेड वाइन आवडत नाही, तिला ढोबळी मिरचीचा वास येतो’ हे मी कित्येक वर्षे चारचौघांत ठासून सांगत असे. माझे हे मत एकाच, चिलीच्या जुन्या बाटलीवर बेतलेले होते. तिथे मर्लो म्हणून लावलेल्या वेलींपैकी पुष्कळ वेली प्रत्यक्षात कार्मेनेर या दुसऱ्याच द्राक्षजातीच्या आहेत, हे एका फ्रेंच तज्ज्ञाने 1994 साली ओळखले, आणि तो हिरवा वास कार्मेनेरची ओळखच मानला जातो. गेल्या महिन्यात दोन्ही शेजारी शेजारी ठेवून चाखल्या. मर्लो मऊ, आलुबुखारासारखी निघाली. तिची जाहीर माफी मागतो. कार्मेनेर मात्र अजूनही आवडत नाही.

अर्धा पेला : बूचवालीताई, तारीख वाचता आली का?

बूचवाली : भिंग लावून महिना लागला, वर्ष लागत नाही. आणि आमच्या ह्यांनी बूच हातात घेऊन सांगितले की ती बाटली कॅबर्नेची नव्हतीच, शिराझची होती.